गालावरचं बोट

फिटरने पुढच्या खोलीत खुर्च्या समोरासमोर मांडल्या तेव्हाच अक्काने ओळखलं, की आज आपल्यासाठी सभा भरणार. एरवी या घरात खुर्च्या कुणी हलवत नसे. ज्याला बसायचं तो खुर्ची असेल तिथे जाऊन बसे. त्या अशा समोरासमोर आल्या, की कुणाला तरी काहीतरी पटवायचं आहे असं समजायचं. वडील गेल्यावर त्यांची हत्यारं काढून टाकायचं ठरलं, तेव्हाही अशाच मांडल्या होत्या आणि तेव्हाही फिटरनेच मांडल्या होत्या. भाऊ कसला, नुसता मुकादम, असं अक्का मनात म्हणाली आणि विणकाम घेऊन मुद्दाम खिडकीतल्या स्टुलावर जाऊन बसली.

खालच्या ओळीतली घरं ओढ्याच्या काठावरून उठवून वर टेकडीवर न्यायची, असं नगरपालिकेने ठरवलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. गेल्या पुराने लाकडी साकव वाहून नेला, काठ खचवला आणि या घराच्या मागच्या भिंतीला हात आत जाईल एवढी भेग पाडली. शेजारीपाजारी हो म्हणून मोकळे झाले होते. राहिलं होतं हे एकच घर, आणि ते वडिलांनी अक्काच्या नावावर ठेवलेलं. उद्या सकाळी नगरपालिकेचा माणूस शेवटचं विचारायला येणार होता. अक्का नाही म्हणाली, की टेकडीवरचं घर दुसऱ्या कुणाला तरी जाणार, आणि ही सगळी मंडळी भेगाळलेल्या भिंतीखाली पुढच्या पुराची वाट बघत बसणार.

आणि अक्का नाही म्हणत होती. भावाला तिने सांगितलं, माझे गुडघे टेकडी चढायचे नाहीत. धाकट्या बहिणीला सांगितलं, तिथे खिडकीतून पाणी दिसत नाही. भावजयीला सांगितलं, नव्या चुन्याच्या वासाने मला झोप लागत नाही. प्रत्येकाला वेगळं कारण, आणि खरं कारण कुणालाच नाही. ते सगळ्यांना ठाऊक होतं म्हणून सांगायची गरजही नव्हती. एक माणूस कधीतरी याच दारात परत येतो म्हणून गेला होता. दारच राहिलं नाही तर तो येणार कुठे?

या गावाचं सगळंच त्या ओढ्यापायी. आधी ओढा होता, मग त्यावर कुणीतरी पीठ दळायची पाणचक्की बसवली, चक्कीभोवती चार घरं झाली. पुढे कुणा शहाण्याच्या लक्षात आलं, की या पाण्यात सूत रंगवलं तर रंग पक्का बसतो. झालं. चक्कीची गिरणी झाली, अलीकडच्या काठाला मागांची शेड, पलीकडच्या काठाला रंगखातं, मध्ये बांध आणि साकव. मग भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. बायका पाणी भरायच्या आधी ओढ्याकडे बघायच्या, आणि आज निळं कापड निघतंय की लाल, ते गावाला पाण्यावरून कळायचं. गिरणी बंद पडली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात ओढ्याचा तळ दिसायला लागला. बाहेरचे लोक म्हणाले, वा, किती स्वच्छ पाणी. गावातला एकही माणूस वा म्हणाला नाही. म्हातारी माणसं काठावर जाऊन त्या पांढऱ्या पाण्याकडे बघत उभी राहायची आणि न बोलता घरी परतायची.

आणि न बोलता म्हणजे खरोखर न बोलता नव्हे. या गावाची खोड निराळी. मागांच्या शेडमध्ये एवढा खडखडाट, की कानाशी तोंड नेलं तरी शब्द पोचायचा नाही. त्यामुळे विणणाऱ्या बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या, सावकाश, तोंडाचा पुरता आकार करून. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूचं गाऱ्हाणं सांगायची आणि मधल्या सगळ्या जणी वाचून हसायच्या. तीच सवय घरी आली. आईबाप ओठांनी भांडायचे आणि पोरं गादीवर पडल्यापडल्या सगळं वाचायची. या घरात कुणाच्या पाठीमागे काही बोलायची सोयच नव्हती. बोलायचं तर खरोखर पाठीमागेच जावं लागे.

एकच अडचण होती. प म्हणा, ब म्हणा, भ म्हणा की म म्हणा, ओठ मिटतात ते एकसारखेच. आवाज काढून घेतला, की ही सगळी अक्षरं जुळी भावंडं. म्हणून शेडने आपली एक युक्ती काढली होती. प असेल तर बोट हनुवटीला, ब-भ असेल तर गालाला, म असेल तर नाकाला. एरवी कुणी एवढं करत नसे, बोलण्याच्या ओघावरून कळायचं. पण जिथे घोळ होईल तिथे बोट लावायचंच, अशी शिस्त होती.

फिटरने घसा साफ केला आणि सुरुवात केली. भेग वाढते आहे, वर नळ घरात आहे, दवाखाना जवळ आहे. अक्का विणत राहिली. तिला भावाच्या बोलण्याची चिंता नव्हती. धाकटी आपल्या बाजूची आहे, ही तिची खात्री होती. धाकटी शिवणकाम करायची, बाजाराच्या पलीकडे राहायची, आणि परवाच येऊन सांगून गेली होती, की तू खुशाल नाही म्हण, दादाला मी बघते.

पण धाकटीने बोलायला तोंड उघडलं ते भिंतीविषयीच. म्हणाली, मी काल मागून जाऊन बघितलं, अक्का, भेगेतून आतला उजेड दिसतो. मला रात्री झोप येत नाही. हे सांगताना ती अक्काकडे न बघता हातातल्या रुमालाची घडी घालत होती आणि पुन्हा मोडत होती. अक्काने एकदा तिच्याकडे बघितलं, आणि सुया पुन्हा चालायला लागल्या. तिला एवढंच वाटलं, की आपण हिला कडेवर घेऊन या ओढ्यावर फिरवलं आहे.

अक्काची बाजू घेतली ती तिसऱ्याच माणसाने. भावजय बाहेरगावची. लग्न होऊन या घरात आली, आणि पहिल्याच जेवणाला सगळी मंडळी आवाज न करता ओठ हलवताना बघून घाबरली होती. पुढे भीती गेली, पण ओठ वाचणं तिला कधी जमलं नाही, आणि खरं तर कुणी शिकवलंही नाही. टेकडीवरच्या मोठ्या स्वयंपाकघराची तिला किती हौस होती ते सगळ्यांना माहीत होतं. ती दारात उभी राहून म्हणाली, की अक्कांना ओढून न्यायचं नाही. त्या आपण होऊन निघतील तेव्हा जाऊ. पूर आला तर बघता येईल.

फिटर बायकोकडे बघतच राहिला. तिने चहा झालाय एवढं सांगितलं आणि आत गेली. मग फिटरही उठून आत गेला, कारण घरात हरायची वेळ आली, की तो कपबशा आणायला जातो, हे अक्काला लहानपणापासून ठाऊक होतं.

तो ट्रे घेऊन परत आला तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबला. धाकटी त्याच्या समोर बसली होती. अक्का खिडकीत, पाठमोरी. पण खिडकीची काच होती आणि बाहेर ढग भरून आल्यामुळे तिच्यात खोली स्वच्छ दिसत होती. फिटरने धाकटीकडे बघून ओठ हलवले. 'रंगारी', तो म्हणाला. हा शब्द अक्काने लाखांत ओळखला असता. मग एक छोटा शब्द. आणि मग, 'हिला सांगू नको.'

तो छोटा शब्द होता, मेला.

अक्काच्या सुया थांबल्या नाहीत. उलट त्या जरा जास्तच भराभर चालायला लागल्या. रंगारी गेला. कुठे गेला, कधी गेला, जवळ कोण होतं, पाणी कुणी दिलं. त्याच्या नखांत कायम निळा रंग असायचा. घासून घासून हात धुवायचा आणि मग हात मागे लपवून उभा राहायचा. दूरच्या एका बंदरावर नवी गिरणी निघाली होती, तिथे काम मिळालं म्हणून तिला न विचारताच हो म्हणून आला. त्यावरून आदल्या दिवशी साकवावर दोघांचं जोरात वाजलं होतं. दुसऱ्या दिवशी पिशवी खांद्याला लावून तो शेडच्या दारात उभा राहिला आणि तिथून ओठांनी म्हणाला, मी जातो, घर बघतो, मग तुला न्यायला तुझ्या दारात येतो. थांबशील? तिने लगेच उत्तर दिलं होतं. त्या वेळी तिच्या मागावर धागे तुटले होते आणि दोन्ही हात सुतात अडकले होते, नाहीतर ती दारापर्यंत धावली असती. त्याने क्षणभर बघितलं आणि पाठ फिरवली. तो आलाच नाही. ती थांबली. थांबता थांबता केस पांढरे झाले, गिरणी गेली, ओढ्याचा रंग गेला, आणि ती आपली दर संध्याकाळी दाराची कडी काढून बसायची.

आता कडी कशाला काढायची?

फिटरने तिच्या हातात कप दिला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "उद्या त्या माणसाला हो म्हणून सांग. जाऊ आपण वर."

इतके महिने ज्या होकारासाठी डोकी फोडली, तो चहाच्या पहिल्या घोटाबरोबर असा समोर येऊन पडला होता. फिटरने, बरं झालं, बरं झालं, असं दोनदा म्हटलं आणि त्याला स्वतःलाच ते पटेना. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्का कप ठेवून उठली आणि सरळ आत स्वयंपाकघरात गेली.

भावजय भांडी विसळत होती. अक्का तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, एक ताटली उचलली, पुसली, पुन्हा तीच पुसली. या घरात मोठ्याने बोलून मन मोकळं करावं असं माणूस एकच होतं, ज्याला ओठ वाचता येत नव्हते.

"मी निघते गं वर तुमच्याबरोबर," अक्का म्हणाली. "आता थांबून काय करू? रंगारी गेला."

भावजयीने हातातलं भांडं खाली ठेवलं. "कुठे गेले? त्यांची गाडी संध्याकाळची आहे ना?"

अक्काच्या हातातली ताटली तशीच राहिली.

"काल तर भेटले ह्यांना, पलीकडे पावाच्या दुकानात," भावजय म्हणाली. "बाजारातून येताना हे मला सांगत होते. तुमच्याशी एवढ्यात बोलू नको म्हणाले, म्हणून मी गप्प बसले. पण तुम्हाला कळलंच आहे, तर आता काय लपवायचं?"

अक्का पुढच्या खोलीत आली ती ताटली हातात घेऊनच. तिने फिटरला फक्त एवढंच विचारलं, की मघाशी उंबऱ्यात काय म्हणालास ते आता आवाज काढून म्हण. फिटर गोंधळला. धाकटीच्या तोंडावरचा रंग उडाला, आणि बोलली तीच.

"भेटला म्हणाला गं तो, अक्का. रंगारी भेटला."

"मेला म्हणालास तू."

फिटरने एकदा भेटला म्हणून बघितलं, आवाज न करता. मग मेला म्हणून बघितलं. ओठ मिटायचे ते तसेच मिटत होते, आणि मधला ट तर आत टाळूलाच लागतो, बाहेरून तो दिसणार कुणाला. गालाला बोट लावायचं, तर तेव्हा दोन्ही हातांत ट्रे. फिटर मटकन खाली बसला. इतक्या वर्षांच्या मुकादमीत त्याला असं बसलेलं कुणी बघितलं नव्हतं.

मग त्याने सगळं सांगितलं. रंगारी भाच्याच्या कामाला दोन दिवस आला आहे. गिरणीची काठावरची घरं पाडणार असं ऐकलं, म्हणून बघून जातो म्हणाला. बायको होती, ती वारली. एक मुलगी आहे, तिच्याकडे राहतो. हे ऐकताना अक्काने मान हलवली, आणि ती मुलीच्या शब्दाला जरा जास्त वेळ हलत राहिली.

"मी विचारलं त्याला," फिटर म्हणाला. "का नाही आलास म्हणून. तर म्हणाला, कसा येणार? थांबशील का म्हणून तुझ्या बहिणीला विचारलं, तर तिने शेडमधून सगळ्यांच्या देखत मला 'मर' म्हणून सांगितलं."

धाकटीने झटकन अक्काकडे बघितलं.

"मला वाटलं, तू म्हणालीही असशील," तो खाली बघून म्हणाला. "तुझा राग काय आम्हाला नवा आहे? आणि मग वाटलं, जुनं उकरून काय मिळणार? तो इथे आहे कळलं तर तू या घरातून हलायची नाहीस, आणि ती भिंत एक दिवस तुझ्या अंगावर येईल. मला भिंतीची भीती वाटते, अक्का."

अक्का स्टुलावर बसली. तिने ताटली मांडीवर ठेवली.

"मी 'बरं' म्हटलं होतं," ती म्हणाली.

बरं आणि मर. धाकटीने ओठांनी दोन्ही म्हणून बघितले आणि तोंडावर हात घेतला. रंगारी रंगखात्याचा माणूस होता. रंगखात्यात आवाज कसला, पाण्याची खळखळ तेवढी, तिथे सगळे तोंडाने बोलायचे. ओठ वाचण्यात तो पहिल्यापासून कच्चा. त्यात आदल्या दिवशीचं भांडण डोक्यात. आणि अक्काचे दोन्ही हात सुतात.

अक्का हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, आणि तो हसण्याचा राहिला नाही. भावजय पुढे आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. एका शब्दासाठी, अक्का म्हणत होती. अगं, गालाला एक बोट लावायचं राहिलं, एवढंच.

मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, तो आत्ता कुठे असेल. फिटर म्हणाला, गाडीची वेळ होईपर्यंत रंगखात्याच्या पायऱ्यांवर बसतो म्हणाला होता.

रंगखातं म्हणजे ओढ्याच्या पलीकडे. साकव तर पुरात गेलेला. पूल आहे तो पार गिरणीच्या वरच्या अंगाला, आणि अक्काच्या गुडघ्यांनी तिथवर जाईपर्यंत गाडी निघून गेली असती. फिटर म्हणाला, मी धावत जातो, त्याला थांबवतो. अक्का नको म्हणाली. निरोपानिरोपीत आधीच काय थोडं झालं आहे? तिने चपला घातल्या आणि मागच्या दाराने, त्या भेगेच्या बाजूनेच, काठाकडे उतरली. मागून तिघंही निघाली.

बांधावरून पाणी कोसळत होतं. त्या आवाजात काठावरून कितीही ओरडा, पलीकडे जायचं नाही. पलीकडे, रंगखात्याच्या पडक्या पायऱ्यांवर, एक म्हातारा माणूस पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. तो एवढा बारीक झाला होता, की अक्काने आधी ओळखलंच नाही. मग तो तिला बघून उठला आणि त्याने दोन्ही हात मागे नेले. नखं लपवायला. तेव्हा तिने ओळखलं.

दोघं उभी राहिली. त्याने ओठ हलवले, पण काय बोलला ते तिलाही कळलं नाही. इतक्या वर्षांत त्याची काही सुधारणा झाली नव्हती.

अक्काने दोन्ही हात पुढे धरून त्याला दाखवले. सूत नाही, काही नाही, रिकामे. मग उजव्या हाताचं बोट गालाला लावलं आणि तोंडाचा पुरता आकार करून एकच शब्द म्हणाली.

बरं.

त्याने मान पुढे केली. कळलं नव्हतं. तिने बोट काढलं, पुन्हा गालावर टेकलं, आणि पुन्हा म्हणाली. त्याने हळूच आपलं बोट वर आणलं. आधी नाकाला लावलं आणि तिच्याकडे बघत राहिला. तिने मान हलवली, नाही. मग त्याने ते बोट गालाला लावलं. तिने होकार दिला. ते बोट तसंच गालावर ठेवून तो पायऱ्यांवर खाली बसला, आणि बराच वेळ त्याने मान वर केली नाही.

"काय म्हणाल्या अक्का?" भावजयीने विचारलं. धाकटीने तिला सांगितलं, आणि बोट कुठे लावायचं तेही दाखवलं. या घरात तिला कुणी काही शिकवायची ती पहिलीच वेळ.

पलीकडे रंगारी उठला. त्याने पिशवी खांद्याला लावली, आणि गाडी निघायची त्या बाजाराकडे न वळता तो वरच्या रस्त्याला लागला, पुलाकडे. चालण्यात काही दम उरलेला नव्हता. दर चार पावलांवर तो थांबून ओढ्याच्या या बाजूला बघत होता, ती अजून आहे ना म्हणून.

"अंधार पडेल त्याला यायला," फिटर म्हणाला. "आणि अक्का, उद्याचं त्या माणसाला काय सांगू?"

"हो म्हणून सांगितलंय ना मी? हो म्हणजे हो. पाडू देत घर," अक्का म्हणाली. ती घराकडे वळली होती आणि तिचा आवाज लग्नघरातल्या बाईसारखा घाईत होता. "आज मात्र कुणी पुढच्या दाराची कडी लावायची नाही. आणि त्या खुर्च्या सरळ करून ठेव, तो बिचारा बसणार कुठे?"